स्पॅनिश कर्मणी पुन्हा पुन्हा चुकतोय? आधी आपला ‘ने’ तपासा

समजा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत एक्सपोर्टचं टेबल सांभाळणारा कुणीतरी मोबाईलवर स्पॅनिश शिकतोय आणि मेक्सिकोच्या गिऱ्हाइकाला मेल लिहितोय. खालचं पत्र मी जुळवलेलं आहे. यातल्या चुका मात्र जुळवलेल्या नाहीत. तपासायला येणाऱ्या वह्यांत आणि मेलमध्ये त्या कायम भेटतात:

‘सु पेदीदो फुए रेसिबीदो पोर नोसोत्रोस. लास पिएसास फुएरोन इन्स्पेक्सियोनादो पोर एल देपार्तामेन्तो दे कालिदाद. त्रेस काखास फुएरोन रोतास. उस्तेद सेरा एन्बियादो लास फोतोस पोर मी मान्याना.’

सांगायचं होतं ते एवढंच: तुमची ऑर्डर मिळाली, क्वालिटीवाल्यांनी पीस तपासले, तीन खोकी फुटलेली आहेत, फोटो उद्या पाठवतो.

(स्पॅनिश शब्द मी मेक्सिकोच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. त्यांचा ‘व्ही’ बोलताना ‘ब’च होतो, ‘एच’ मुका असतो, आणि ‘पिएसा’तला ‘स’ स्पेनच्या बऱ्याच भागांत ‘थ’सारखा ऐकू येतो.)

चार वाक्यं, चार वेगळे बिघाड. पहिलं वाक्य व्याकरणात बसतं, पण असं कुणी लिहीत नाही. ‘तुमची ऑर्डर आमच्याकडून स्वीकारली गेली’ असं मराठीत लिहिलं तर कसं वाटेल, तसंच. दुसऱ्यात ‘पिएसास’ स्त्रीलिंगी अनेकवचनी, त्यामुळे ‘इन्स्पेक्सियोनादास’ हवं. तिसऱ्याचा अर्थच फिरलाय: ‘कुणीतरी तीन खोकी फोडली’ असा वास त्याला येतो, आणि वाचणारा विचारणार, कुणी फोडली? चौथं तर स्पॅनिशच नाही. ते वाचून गिऱ्हाइकाला वाटेल की उद्या त्यालाच कुठेतरी पाठवणार आहेत.

सरळ लिहायचं तर असं: ‘रेसिबीमोस सु पेदीदो. एल देपार्तामेन्तो दे कालिदाद या इन्स्पेक्सियोनो लास पिएसास. त्रेस काखास एस्तान रोतास. मान्याना ले मान्दो लास फोतोस.’ दुरुस्त पत्रात ‘फुए’ एकदाही नाही, ‘पोर’ही नाही.

नियम पाठ करून हा बिघाड जात नाही. नियम बहुतेकांना येतो: ‘सेर’ म्हणजे ‘असणे’, त्याचं ‘फुए’सारखं रूप, पुढे ‘रेसिबीदो’सारखं धातुसाधित, पुढे ‘पोर’, म्हणजे इंग्रजीतला ‘बाय’. बिघाड त्याच्या आधीच्या पायरीवर होतो. हे वाक्य कर्मणीत घालायचंच कशाला, हे आपण ठरवतो कशावरून? एक तर शाळेत इंग्रजीच्या तासाला घोटलेल्या ‘व्हॉइस बदला’वरून, नाहीतर मराठीतल्या ‘ने’वरून. इंग्रजीची सवय सगळ्या देशाला आहे. ‘ने’ची अडचण खास आपली, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

‘ने’ दिसला की ‘पोर’ लावू नका

‘आनानं चिठ्ठी लिहिली.’ इथे क्रियापद चिठ्ठीप्रमाणे चालतं. चिठ्ठ्या असत्या तर ‘लिहिल्या’, पत्र असतं तर ‘लिहिलं’. मराठी माध्यमात शिकलेल्या कुणालाही याचं नाव माहीत आहे: कर्मणी प्रयोग. नाव माहीत आहे म्हणूनच घोटाळा होतो. ‘कर्मणी’ म्हटलं की डोकं इंग्रजी पॅसिव्हकडे पळतं आणि ‘ने’च्या जागी ‘पोर’ बसवून मोकळं होतं: ‘ला कार्ता फुए एस्क्रीता पोर आना.’ पण ‘आनानं चिठ्ठी लिहिली’ हे रोजचं, साधं भूतकाळाचं वाक्य आहे. स्पॅनिशमध्येही ते साधंच राहिलं पाहिजे: ‘आना एस्क्रिबियो ला कार्ता.’

चाचणी सोपी. मराठी वाक्यात ‘ने’च्या जागी ‘कडून’, ‘तर्फे’ किंवा ‘च्या हस्ते’ घालून बघा. वाक्य न अडखळता चालत असेल तरच ‘पोर’चा विचार करा. ‘आनाकडून चिठ्ठी लिहिली गेली’ असं खडे बाजारात उभं राहून कुणी बोलणार नाही. पण बेळगावच्या विधानभवनाबद्दल ‘सुवर्णसौधचं उद्घाटन २०१२ साली राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झालं’ हे आपण पेपरात वाचतोच. तिथे स्पॅनिश पेपरसुद्धा तोच सूर लावतो: ‘एल एदिफीसियो फुए इनाउगुरादो एन २०१२ पोर एल प्रेसिदेन्ते दे ला इन्दिया.’ किंवा १९२४ चं काँग्रेस अधिवेशन घ्या, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, आपल्या बेळगावातलं: ‘ला सेसियोन दे १९२४ फुए प्रेसिदीदा पोर गांधी.’ ‘एदिफीसियो’ पुल्लिंगी म्हणून ‘इनाउगुरादो’, ‘सेसियोन’ स्त्रीलिंगी म्हणून ‘प्रेसिदीदा’. इतिहास, बातमी, कोनशिला, सरकारी अहवाल ही ‘सेर’वाल्या कर्मणीची हक्काची जागा. डेले या स्पॅनिशच्या परीक्षेत वाचनाच्या उताऱ्यांत ती भेटते, ओळखता आली पाहिजे. रोजच्या बोलण्यात तिला ओढून आणू नका. वर्तमानकाळात तर आणखी जपून: ‘दार रखवालदाराकडून उघडलं जातं’ ही रचना ‘सेर’ घालून केली की सामन्याचं धावतं वर्णन चालल्यासारखी ऐकू येते.

यावर एक शंका हमखास येते. ‘सर, मला चिठ्ठीवरच जोर द्यायचा असेल तर? ती पहिली यायला नको?’ यायला हवी की. मराठीत आपण काय करतो? ‘ही चिठ्ठी आनानं लिहिलीय.’ शब्द पुढे सरकवला, संपलं. स्पॅनिशमध्येही सरकवता येतो, फक्त मागे एक छोटं सर्वनाम ठेवून जावं लागतं: ‘ला कार्ता ला एस्क्रिबियो आना.’ तो दुसरा ‘ला’ म्हणजे ‘ती’. पुल्लिंगी वस्तू असेल तर ‘लो’. इंग्रजीला शब्द असा हलवता येत नाही म्हणून ती पॅसिव्हकडे धावते. मराठीला आणि स्पॅनिशला ती गरज फारशी पडत नाही.

चौथ्या वाक्यातली ‘उस्तेद सेरा एन्बियादो’ ही चूक मात्र शुद्ध इंग्रजीची आहे. ‘मला पुस्तक दिलं गेलं’ यात मराठी ‘मला’ला कधीच कर्ता करत नाही, स्पॅनिशही करत नाही. ‘फुई दादो उन लीब्रो’ हे वाक्य अस्तित्वातच नाही. ‘मे दिएरोन उन लीब्रो’ म्हणायचं: ‘मला पुस्तक दिलं’. कुणी दिलं ते सांगायचं नाही, म्हणून क्रियापद तृतीयपुरुषी अनेकवचनी. ‘माझी सायकल चोरली’ हेही तसंच: ‘मे रोबारोन ला बिसिक्लेता.’ चोर एकटा असला तरी अनेकवचनच.

‘-लेला’ बसत असेल तर एस्तार

मराठीला एकच ‘आहे’ पुरतो, स्पॅनिशला ‘सेर’ आणि ‘एस्तार’ दोन लागतात. पॅकिंग आणि इन्स्पेक्शनच्या रिपोर्टात हीच जागा सगळ्यात जास्त नडते. चाचणी आपल्याच प्रत्ययात आहे. ‘-लेला, -लेली, -लेलं’ लावून वाक्य नीट होत असेल तर स्थिती सांगताय: एस्तार. ‘-ला गेला’ किंवा ‘-ण्यात आला’ बसत असेल तर घटना सांगताय: सेर.

‘दार बंद केलेलं आहे’: ‘ला पुएर्ता एस्ता सेर्रादा.’ ‘दार सहा वाजता बंद करण्यात आलं’: ‘ला पुएर्ता फुए सेर्रादा आ लास सेइस.’ ‘पीस तुटलेला आहे’: ‘ला पिएसा एस्ता रोता.’ माल पोचला तेव्हाच फुटलेला होता हे सांगायचं तर ‘एस्तार’चीही गरज नाही: ‘लास काखास येगारोन रोतास’, खोकी फुटलेलीच आली. क्लेम कुणाच्या माथी जाणार हे या एका क्रियापदावरून ठरू शकतं, म्हणून मी रिपोर्ट वाचताना आधी हेच बघतो.

ही चाचणी किती लांब जाते बघा. ‘तो बसलेला आहे’ याला इंग्रजीत चालू वर्तमानकाळ लागतो, स्पॅनिशमध्ये ‘एस्ता सेन्तादो’. ‘मेलेला आहे’ म्हणजे ‘एस्ता मुएर्तो’. मरण कायमचं, मग ‘सेर’ का नाही, असा प्रश्न इंग्रजीतून शिकणाऱ्यांना पडतो. ‘-लेला’ म्हणणाऱ्याला पडायचं कारण नाही.

खरा वापर ‘से’चा, आणि तो पाट्यांवर लिहिलेला आहे

रोजच्या स्पॅनिशमध्ये कर्मणीचं बहुतेक काम ‘से’ करतो. कर्ता सांगायचाच नसतो तिथे तो येतो. बेळगावात फिरताना अशा रचना तुम्ही दिवसभर वाचताय. ‘येथे दूध मिळेल’, शेजारी कानडीत ‘इल्ली हालु सिगुत्तदे’. स्पॅनिश पाटी: ‘से बेंदे लेचे.’ ‘खोली भाड्याने देणे आहे’: ‘से आल्कीला आबितासियोन.’ ‘कामगार पाहिजेत’: ‘से नेसेसीतान त्राबाखादोरेस.’ दूध, खोली, कामगार हे शब्द क्रियापदाच्या मागे आलेत, हे लक्षात घ्या. मराठीच्या सवयीनं ‘लेचे से बेंदे’ लिहिलं की वाक्य लंगडतं.

शेवटच्या पाटीतला ‘त’ महत्त्वाचा. बोलताना आपण तो खातो, पण पाटी रंगवणारा ‘पाहिजेत’च लिहितो, कारण कामगार अनेक. स्पॅनिशमध्ये तोच ‘त’ म्हणजे ‘नेसेसीतान’मधला ‘न’. एक घर ‘से बेंदे’, अनेक घरं ‘से बेंदेन’. ‘बेळगावात मराठी आणि कानडी बोलतात’: ‘एन बेळगावी से आब्लान माराती इ कानारेस.’ ‘निपाणीत तंबाखू पिकवतात’: ‘एन निपाणी से कुल्तीबा ताबाको.’ तंबाखू एक, म्हणून एकवचन.

इथे सीमाभागातल्या माणसाला आणखी एक पाय घसरायची जागा आहे. कानडी सरकारी फलकावर ‘रस्तेयन्नु मुच्चलागिदे’ असतं. रस्ते अनेक झाले तर ‘रस्तेगळन्नु’, पण क्रियापद ‘मुच्चलागिदे’च. रस्त्याची द्वितीया तशीच राहते आणि क्रियापद हलत नाही. दोन्ही भाषा तोंडात असल्या की हात नकळत ‘से बेंदे कासास’ लिहून जातो. अशा पाट्या स्पॅनिश मुलखातही दिसतात, पण व्याकरणाची शिफारस ‘बेंदेन’चीच आहे. परीक्षेत तेच लिहा.

आता ज्या प्रश्नावर माझ्याकडे सगळ्यात जास्त वह्या येतात तो. ‘घरं विकतात’ला अनेकवचन, मग ‘चोरांना पकडलं’ला एकवचन का? पुस्तकात ‘से देतुबो आ लोस लाद्रोनेस’ छापलंय, चोर तर अनेक आहेत, छपाईची चूक का?

चूक नाही. हा भावे प्रयोग आहे. नववी-दहावीतलं व्याकरण आठवा. ‘शिपायानं चोर पकडले’: कर्म उघडं, क्रियापद कर्माप्रमाणे, कर्मणी. ‘शिपायानं चोरांना पकडलं’: कर्माला ‘ना’ लागला आणि क्रियापद सगळ्यांशी फारकत घेऊन नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसलं, भावे. स्पॅनिशचा ‘से’ हेच करतो. माणसाच्या आधी ‘आ’ आला की तो आपला ‘ला/ना’. त्यानं क्रियापदाची जुळणी तोडली, आता ते एकवचनातच राहणार. ‘आ’ नसेल तर जुळणी शाबूत:

‘से बेंदेन कासास’: घरं विकली जातात. कर्मणी.
‘से बुस्का आ लोस लाद्रोनेस’: चोरांना शोधण्यात येत आहे. भावे.
‘से नेसेसीतान त्राबाखादोरेस’: माणसंच, पण ठरावीक नव्हेत, कुणीही चालतील. ‘ना’ नाही, ‘आ’ नाही. कर्मणी.

तिसरं वाक्य मुद्दाम घेतलंय. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे अपवादांची यादी पाठ करावी लागते. आपण जाहिरातीत ‘कामगारांना पाहिजेत’ लिहीत नाही, त्याच कारणानं स्पॅनिश माणूस तिथे ‘आ’ घालत नाही.

आणि जुळणी जबरदस्तीनं केली तर? ‘से देतुबिएरोन लोस लाद्रोनेस’ म्हणजे ‘चोर थांबले’. आपणहून. पोलिसांचा संबंधच उरला नाही.

एक मर्यादा सांगायला हवी. मराठीत ‘ला’ वस्तूलाही लागू शकतो, ‘त्या दगडाला उचललं’ असं आपण म्हणतो. स्पॅनिशचा ‘आ’ मुख्यतः माणसांसाठी आणि घरच्या लाडक्या जनावरांसाठी. पीस, खोकी, इनव्हॉइस यांना लावू नका. शिवाय ‘से’च्या मागे ‘पोर’ लावून कर्ता परत आत घेऊ नका. ‘से एन्बियारोन लास पिएसास पोर नोसोत्रोस’ असलं काही करारनाम्याच्या भाषेत अधूनमधून दिसतं, पण मेलमध्ये ते कानाला खुपतं. कर्ता सांगायचाच तर सरळ ‘एन्बियामोस लास पिएसास’, आम्ही पाठवले.

कर्ता नसलेली आणखी दोन वाक्यं पाठच करा, रोज लागतात. ‘याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?’: ‘कोमो से दीसे एस्तो एन एस्पान्योल?’ आणि ‘स्टेशनला कसं जायचं?’: ‘कोमो से बा आ ला एस्तासियोन?’ आपलं ‘जायचं’ जसं कुणाचंच नाही, तसंच ‘से बा’.

‘लिहिली आहे’मधला सापळा

कर्मणीत धातुसाधित जुळवायचं हे पक्कं झालं की माणूस ते सगळीकडे जुळवायला लागतो. ‘आनानं चिठ्ठी लिहिली आहे’चं होतं ‘आना आ एस्क्रीता ला कार्ता’. चूक. सहायक क्रियापद ‘आबेर’ असेल (ए, आस, आ, एमोस, आन) तर धातुसाधित ‘ओ’वरच थांबतं: ‘आ एस्क्रीतो’. चिठ्ठी असो, चिठ्ठ्या असोत. मराठीत ‘लिहिली आहे’, ‘लिहिल्या आहेत’ असं बदलतं म्हणून आपला हात आपोआप ‘आ’कडे जातो. हिंदी, कोकणी बोलणाऱ्यांचंही तेच होतं. दोन्ही एकत्र आले तर बघा: ‘ला कार्ता आ सीदो एस्क्रीता.’ ‘आबेर’च्या ‘आ’ला चिकटलेलं ‘सीदो’ गोठलेलं, ‘सेर’ला चिकटलेलं ‘एस्क्रीता’ चालतं. ज्याच्या शेजारी बसलंय त्याचं ऐकतं.

‘फुए’ म्हणजे ‘गेलं’ही

‘लिहिलं गेलं’ आणि ‘फुए एस्क्रीतो’ यांची जोडी लवकर डोक्यात बसते, कारण ‘फुए’ हे ‘सेर’चंही भूतकाळी रूप आणि ‘जाणे’चंही. दोन्ही क्रियापदांची या काळातली सगळी रूपं सारखी आहेत. पण हा योगायोग वर्तमानकाळात नेलात की फसलात. ‘लिहिलं जातं’ म्हणून ‘बा एस्क्रीतो’ होत नाही, ‘से एस्क्रीबे’ होतं. ‘जाणे’ आणि धातुसाधित अशी रचना स्पॅनिशमध्ये आहे, तिचा अर्थ वेगळा: ‘बान बेंदीदास सिएन एन्त्रादास’ म्हणजे ‘आत्तापर्यंत शंभर तिकिटं विकून झालीत’.

‘माझ्या हातून’

‘कडून’ची चाचणी एका जागी फसवते: ‘माझ्याकडून पीस तुटला.’ इथे ‘पोर मी’ लिहू नका. मुद्दाम केलं नाही, हातून झालं, हे सांगायला स्पॅनिशकडे वेगळी सोय आहे: ‘से मे रोम्पियो ला पिएसा.’ ‘ग्लास हातून पडला’: ‘से मे कायो एल बासो.’ ‘विसरलंच’: ‘से मे ओल्बिदो.’ पीस अनेक असतील तर ‘से मे रोम्पिएरोन’. दोष पूर्ण अंगावर न घेता कबुली द्यायची ही सोय आपल्याला मराठीतून आयती मिळालेली आहे.

अनियमित धातुसाधितं थोडीच आहेत, तेवढी पाठ केल्याशिवाय वरचं काहीच नीट चालणार नाही: एस्क्रीतो, एचो, दीचो, बीस्तो, पुएस्तो, आबिएर्तो, रोतो, मुएर्तो, बुएल्तो, कुबिएर्तो. छापलेल्यासाठी ‘इम्प्रेसो’ आणि ‘इम्प्रिमीदो’ दोन्ही मान्य आहेत, तळलेल्यासाठी ‘फ्रीतो’ आणि ‘फ्रेईदो’ही.

आणि एक ‘नी’ असाही आहे, जो ‘पोर’कडेही जात नाही आणि साध्या कर्त्याकडेही नाही. ‘खानापूर जंगलानी वेढलेलं आहे.’ जंगल काही करत नाहीय, नुसतं आहे. अशा स्थितीच्या वाक्यात ‘दे’ येतो: ‘खानापूर एस्ता रोदेआदो दे बोस्के.’ बर्फानं झाकलेलं असेल तर ‘कुबिएर्तो दे निएबे’, माणसांनी भरलेलं असेल तर ‘येनो दे खेन्ते’. ‘-लेलं’ आणि ‘नं/नी’ एकत्र दिसले की आधी ‘दे’ लावून बघा, बहुतेक वेळा तेच बसतं.